दोन कांड्या

थोरलीच्या हाताला मिठाचा अंदाज नव्हता. लग्न होऊन या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती, पण भाजी एकदा तरी नीट साधली असेल तर शपथ. थोरला, म्हणजे तिचा नवरा, पहिला घास घेतला की पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा आणि मुकाट्यानं जेवायचा. मधला दीर तोंड वाकडं करायचा. धाकटा दीर मात्र हसायचा.

"वहिनी, समुद्र आपल्यापासून इतका लांब, तू एवढं मीठ आणतेस कुठून?"

"गप गिळ. तीन वर्षांचा होतास तेव्हा याच हातचं चाटूनपुसून खायचास."

ते खरंच होतं. ती या घरात आली तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता आणि दोन वर्षांत सासू गेली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. लोक हळहळायचे, पण तिनं त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण कडेवर हा होता. त्याचे दात तिनं पाडले, त्याचा ताप तिनं काढला, शाळेत मास्तरांची बोलणी तिनं खाल्ली. आता तो पंचवीस वर्षांचा बाप्या झाला होता आणि दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं.

तर अशा घरात सरकारी खात्यानं ढगांना मीठ घालायचं काम आणून टाकलं. त्यांच्या शेताच्या मागं टेकडी होती, आसपासच्या मुलखात तीच उंच. खात्याच्या लोकांनी तिच्या माथ्यावर माणसाच्या उंचीचं एक लोखंडी धुराडं रोवलं. त्यात कांड्या जाळायच्या. कांडी हातभर लांब, पुठ्ठ्यात गुंडाळलेली, आत मीठ आणि कसलीशी दारू. पेटवली की दाट पांढरा धूर निघायचा आणि टेकडी चढणाऱ्या वाऱ्याबरोबर वर ढगात जायचा. जवळचा माणूस हवा म्हणून थोरल्याला नेमलं. दुसऱ्याच वर्षी तो उतरणीवर घसरला आणि गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून टेकडी चढायचं काम थोरलीकडं आलं. धाकटा पोट धरून हसला. "खात्याला म्हणावं, मिठाच्या कामाला याच्याहून बरं माणूस मिळणार नाही!"

खात्याचा साहेब पोरसवदा होता, जाड चष्म्याचा, बोलायला गोड. पहिल्या दिवशी त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. माठातलं गार पाणी पेल्यात घेऊन त्यानं तो ओट्यावर ठेवला. थोड्या वेळानं पेला बाहेरून ओला झाला.

"मावशी, हे पाणी आलं कुठून? पेला तर गळत नाही."

"दमट हवेनं येतं."

"बरोबर. हवेत वाफ असते. ती गार जागी आली की तिला पाणी व्हायचं असतं. पण त्यासाठी तिला बसायला काहीतरी लागतं. इथं पेला आहे. वर आकाशात काय आहे? धुळीचा कण, मिठाचा कण. वारा वाफेला वर नेतो, वर ती गार होते, कणावर बसते आणि थेंब धरते. असे थेंब धरले की ढग."

थोरलीला हे लगेच पटलं. दमून आलेल्याला बसायला लागतंच. "म्हणजे आपण सतरंजी टाकायची."

साहेब हसला. "हो, तसंच समजा."

मग त्यानं नियम सांगितले. ढगाचा तळ सपाट आणि काळसर हवा. धुराड्याला बांधलेला दोरा टेकडीकडून वर फडफडायला हवा. आधी फोन करायचा. तो ऑफिसात पडद्यावर ढग बघणार आणि सांगेल तरच लावायच्या, त्याही दोनच. दोनाच्या वर कधीही नाही. का नाही, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तोवर जीप चालू करून तो निघायच्या घाईत होता.

यंदा पेरणीपुरता पाऊस झाला. तिघा भावांच्या सामाईक रानात मका उगवला, गुडघ्याएवढा झाला, आणि मग पावसानं तोंड फिरवलं. तेवीस दिवस झाले. दुपार झाली की ढग यायचे, कापसासारखे पांढरे, गुबगुबीत, आणि सावली टाकत निघून जायचे. मक्याची पानं सुरळी करून उभी होती. विहिरीत बादली टाकली की तळाला आपटल्याचा आवाज यायचा. तरी थोरली आणि धाकटा पहाटे उठून डब्यांनी पाणी काढायचे आणि ओढ्याकाठच्या चार ओळींना घालायचे. चारच ओळी. बाकीच्यांकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. उन्हं वर येईपर्यंत तिच्या तळव्यांना कडीचे वळ उठायचे आणि धाकट्याच्या मानेवर मिठाची पांढरी रेघ वाळलेली असायची.

गावात तर तिला धूरवाली असं नावच पडलं होतं. ढग येतात आणि न पडता जातात, म्हणजे टेकडीवरची बाई त्यांना धूर देऊन हाकलते, एवढा सरळ हिशेब लोकांनी मांडला होता. हापशावर तिची पाळी आली की कुणीतरी कळशी मधेच सरकवायचं.

"तुला कशाला गं हापसा?" त्या दिवशी एकीनं विचारलं. "तुझ्या हातात तर आभाळाची किल्ली."

"किल्ली असती तर तुझ्या घरावर आधी उघडली असती, तुझं तोंड तरी धुतलं गेलं असतं," थोरली म्हणाली. बायका हसल्या, पण तिची कळशी शेवटीच भरली. घरी येताना तिचे डोळे भरून आले, आणि याचाच तिला जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी जेवताना मधल्यानं विषय काढला. मधला तोंडाचा फटकळ, मनात काही ठेवायचा नाही, आणि गेली तीन वर्षं त्याच्या तोंडी एकच शब्द होता.

"वाटणी करून टाकू. एकत्र राहून तरी काय मिळतंय? तिघं मिळून उपाशी."

"आणि तीन तुकडे केल्यावर?" थोरला म्हणाला. "त्यात बैल तरी वळेल का?"

"बैल वळो न वळो, माझा मी."

थोरला धाकट्याकडं वळला. दर वेळी धाकटा हसून विषय उडवायचा. आज तो ताटात बोटानं रेघा ओढत होता.

"मला शहरातून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "मित्र आहे तिथं गोदामात. जागा धरून ठेवलीय त्यानं. सोमवारपर्यंत."

थोरलीचा हात वाढता वाढता थांबला.

"जा की," मधला म्हणाला. "कोण अडवतंय?"

"राहायला खोली घ्यायची तर आधी हातात काही हवं. वीटभट्टीवाला विचारतोय. ओढ्याकडच्या तुकड्याची माती त्याला हवीय. तेवढा माझा वाटा धरा, मी त्याला माती देतो. जमीन विकत नाही, दादा. माती तेवढी."

"माती दिल्यावर उरतं काय?" थोरला म्हणाला. "खड्डा."

मधल्यालाही एवढं नको असावं, तो घास चघळत खाली बघत राहिला.

"पाऊस आला तर?" थोरलीनं विचारलं.

धाकट्यानं मान वर केली. दोन महिन्यांत त्याचे गाल बसले होते. "आला तर राहीन. मका निघाला तर राहीन, वहिनी. मला काय हौस आहे? पण रोज असं वर तोंड करून बसायचा कंटाळा आलाय मला. मान दुखते."

"सोमवारपर्यंत थांबशील ना?"

"सोमवारपर्यंत थांबतो."

त्या दिवशी गुरुवार होता.

शुक्रवारी ढग आलेच नाहीत. शनिवारी दुपारी आले. थोरली कांड्यांची पेटी डोक्यावर घेऊन टेकडी चढली. पेटी नवी होती, दहा कांड्यांची, साहेबानं हंगामभरासाठी दिलेली. वर पोचेपर्यंत तिच्या पोटऱ्या भरून आल्या. तिनं फोन लावला.

"तळ फार उंच आहे, मावशी," साहेब म्हणाला. "खाली हवा कोरडी. पडला तरी वाटेतच सुकेल. नका लावू."

"एक तरी लावू का?"

"नको."

ती पेटी घेऊन तशीच खाली उतरली. वाटेत तिला आपलीच लाज वाटली, कारण खाली रानात धाकटा काम टाकून टेकडीकडं बघत उभा होता आणि तिला धूर न करताच परत येताना बघून पुन्हा खाली वाकला होता.

रविवारी मात्र ढग आला. सकाळपासून उकडत होतं, अंगातलं पातळ अंगाला चिकटत होतं. दुपारी डोंगररांगेमागून तो वर आला आणि बघता बघता टेकडीवर उभा राहिला. तळ सुरीनं कापल्यासारखा सपाट, आणि काळा. वर माथा फुलत होता. थोरली धापा टाकत धुराड्यापाशी पोचली तेव्हा दोरा सरळ आभाळाकडं ताठ झाला होता.

"लावा, मावशी," साहेबाच्या आवाजातही घाई होती. "चांगला आहे. दोन लावा. दोनच."

तिनं दोन कांड्या लावल्या. धूर भसाभसा वर गेला, वाऱ्यानं त्याला उचललं आणि तो ढगाच्या पोटात शिरताना तिला दिसला. कांड्या जळून संपल्या. ती धुराड्याला टेकून वाट बघत राहिली. साहेबानं सांगितलं होतं, घाई करू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. दहा मिनिटं गेली असतील. ढग आणखी काळा झाला. खाली सगळं रान दिसत होतं, ओढ्यापासून बांधापर्यंत एकसलग, करपत चाललेलं, आणि मधोमध धाकटा उभा. त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं होतं आणि तोंड वर केलं होतं. लहानपणी तो जेवणासाठी असाच तिच्याकडं तोंड वर करून उभा राहायचा.

ढग हळूहळू सरकायला लागला होता.

तिला वाटलं, दोनानं काय होणार? एवढा मोठा ढग आणि दोन कांड्या. पाहुणे दारात उभे आणि आपण दोघांपुरती सतरंजी टाकून बसलोय. तिचा हात आयुष्यात कधी आखडला नव्हता, तो आज आखडावा? तिनं पेटी उघडली. एक लावली. मग दुसरी. मग तिनं मोजणंच सोडलं. आठच्या आठ कांड्या तिनं धुराड्यात खोचल्या, बोटं भाजली तरी थांबली नाही. टेकडीचा माथा धुरानं भरून गेला. ती खोकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मोठ्यानं म्हणत होती, "ये. ये रे बाबा. बस. सगळ्यांना जागा आहे."

धूर निवळला तेव्हा ढग तिथंच होता, पण त्याचं काळेपण कमी झालं होतं. तो पसरत गेला. तळाची धार पुसट झाली. ढगाखाली राखाडी रेषा लोंबायला लागल्या, केसांच्या बटांसारख्या. तो पाऊसच होता. तिला तो दिसत होता. पण रेषा अर्ध्यात येऊन संपत होत्या. खाली काही पोचत नव्हतं. तिनं हात पसरले. एक थेंब मनगटावर पडला, डास बसावा एवढा. दुसरा पडलाच नाही. पाऊण तासात सगळं आभाळ ताकासारखं पांढरट झालं आणि त्यातून ऊन आलं.

खाली धाकट्यानं फडकं झटकलं, पुन्हा डोक्याला बांधलं आणि तो घराकडं चालायला लागला.

सोमवारी सकाळी दोर घेऊन तिघं भाऊ रानात गेले. थोरल्यानं पाय ओढत दोराचं टोक धरलं, मधल्यानं पावलं मोजली, धाकट्यानं खुंट्या ठोकल्या. भांडण झालं नाही. झालं असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं. दोन ओळी दगड मांडले गेले आणि बापजाद्यांचं रान तीन ठिकाणी झालं. भट्टीवाला ओढ्यापाशी उभा राहून काडीनं दात कोरत होता.

थोरलीनं डबा बांधून दिला. धाकट्याची पिशवी एवढीशी होती, त्यात डबा मावेना, म्हणून त्यानं एक सदरा काढून ठेवला.

"हा धुवून ठेव," तो म्हणाला. "परत आलो की घालीन."

"कधी येशील?"

"येईन की." मग त्यानं हसून तिच्या भाजलेल्या बोटांकडं बघितलं. "काल किती धूर केलास गं! मला वाटलं टेकडीच पेटली. तू काही कसर ठेवली नाहीस, वहिनी."

तो वाकून दाराबाहेर पडला आणि तिनं सदरा नाकाशी धरला.

बुधवारी साहेब कांड्या मोजायला आला. पेटी उघडून त्यानं आत बघितलं, मग पेटी उलटी केली.

"आठ राहिल्या असतील ना?"

"भिजल्या," थोरला पटकन म्हणाला. "म्हणजे कौलातून..." आणि त्याचं त्यालाच उमगलं की कौलातून भिजायला पाऊस लागतो.

"मी लावल्या," थोरली म्हणाली. "रविवारी. सगळ्या."

साहेबानं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसला. रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. तो रागावला नाही, आणि तिला जास्तच भीती वाटली.

"जास्त झालं का?" तिनं विचारलं.

"मावशी, चूक माझी आहे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ढगात वाफ असते ती असते तेवढीच. आपण बसायला जागा वाढवल्या म्हणून ती वाढत नाही. तीच सगळ्यांत वाटली जाते. मग थेंब पुष्कळ होतात, पण प्रत्येक बारीक. आणि बारीक थेंब खाली पडत नाही, नुसता तरंगतो. पडायचा तर एकानं दुसऱ्याला धरावं लागतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दहा लाख बारके थेंब एक झाले तर पावसाचा एक थेंब होतो. दोन कांड्या एवढ्यासाठीच, की थोडेच थेंब मोठे व्हावेत, जड व्हावेत, आणि पडता पडता बाकीच्यांना पोटात घ्यावं."

"आणि सगळेच बारके राहिले तर?"

"तर हवेतच सुकतात."

थोरला दारात बसून रानातल्या दगडांच्या रांगांकडं बघत होता. "म्हणजे वाटेकरी जास्त झाले," तो म्हणाला.

साहेबाला घरातलं काही माहीत नव्हतं. "हो," तो म्हणाला. "अगदी तसंच."

थोरली खांबाला धरून उभी राहिली. "मग तो माझ्यामुळं गेला."

"कोण? ढग?"

ती म्हणाली, "हो. ढग."

"तसं सांगता येत नाही," साहेब म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "कदाचित तसाही पडला नसता. तो सरकायलाच लागला होता, मी बघत होतो. कदाचित पडलाही असता. हे कुणालाच कळत नाही, मावशी, मलाही नाही. तोच ढग पुन्हा आणून, या वेळी दोनच लावून बघता येत नाही ना."

त्यानं तिला कामावरून काढलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं, आणि जाताना पेटीऐवजी दोन सुट्या कांड्या तिच्या हातात दिल्या.

त्या संध्याकाळी थोरल्यानं घास घेतला आणि तांब्या जवळ ओढला नाही. चघळत राहिला. मग उठला, लंगडत फळीपाशी गेला आणि मिठाची बरणी घेऊन आला. भाजीत मीठच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिचा हात बरणीकडं जायचा आणि मागं यायचा. थोरला रोज उठून बरणी आणायचा आणि तिच्यासमोर न ठेवता आपल्या मांडीमागं ठेवायचा.

शुक्रवारी भट्टीवाल्याचं यंत्र आलं. ओढ्याकडच्या तुकड्यात ते शिरलं आणि लोखंडी दातांनी माती ओरबाडायला लागलं. ज्या चार ओळींना थोरली आणि धाकट्यानं पहाटे उठून पाणी घातलं होतं, त्याच सगळ्यांत आधी गेल्या. तेवढ्याच हिरव्या होत्या. मातीबरोबर मका मुळासकट ट्रॉलीत पडत होता. यंत्रावरच्या माणसाला काय माहीत. तीन दिवसांत कमरेएवढा खड्डा झाला, वरची काळी माती सगळी गेली आणि खालचा पिवळा मुरूम दिसायला लागला. मधला आपल्या तुकड्याच्या कडेला उभा राहून रोज ते बघायचा. एकदा त्यानं यंत्रवाल्याला दगडाच्या अलीकडं का खणलं म्हणून शिवी दिली. यंत्रवाल्यानं दाखवलं की दगड बरोबर जागेवर होता.

धाकटा एक दिवसाआड फोन करायचा. गोदामात ओझं फार असतं, खोलीत चौघं राहतात, झोप बरी लागते. शेवटी ठरलेला प्रश्न यायचा. "पडला का गं तिकडं?" आणि ती म्हणायची, "नाही रे."

त्याला जाऊन अकरा दिवस झाले तेव्हा दुपारी पुन्हा तसाच ढग आला. थोरलीला वर जायचं नव्हतं. थोरल्यानं दोन्ही कांड्या आणून तिच्या ओटीत ठेवल्या. ती चढली. दोरा वर ताठ झाला होता. साहेब फोनवर म्हणाला, "लावा, मावशी." दोन म्हणायची त्याला गरज वाटली नाही.

तिनं एक लावली, मग दुसरी. मग ती धुराड्यापासून दहा पावलं लांब जाऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, जणू ते तिचे नव्हतेच. खाली रान दिसत होतं. तीन पट्टे. दोन करपलेले आणि एक पिवळा खड्डा. अर्धा तास ती हलली नाही. ढग काळा झाला, आणखी काळा झाला, आणि त्याच्या पोटात काहीतरी जड झाल्यासारखा तो खाली आला. पहिला थेंब शेजारच्या दगडावर पडला तो रुपयाएवढा. मग दुसरा. मग मोजता येईनात.

पाऊस असा पडला की समोरचं धुराडं दिसेना. थोरली उठली नाही. तिच्या डोक्यावरून, पापण्यांवरून, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ती त्या ढगाला घालूनपाडून बोलत होती. "आत्ता? आत्ता आलास होय रे? अकरा दिवसांनी? तेव्हा काय झालं होतं तुला? तेव्हा काय पाय मोडले होते तुझे?" मग तिच्या लक्षात आलं की ढगाचा काही दोष नव्हता, निदान तिला तसं सांगता येत नव्हतं, आणि ती हुंदके देऊन रडली. टेकडीवर ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं तिनं पोटभर रडून घेतलं.

ती निसरड्या वाटेनं खाली आली तेव्हा मधला आपल्या तुकड्यात चिखलात उभा होता. "वहिनी! पडला!" तो ओरडला. त्याला नाचावंसं वाटत असावं, पण शेजारच्या खड्ड्यात गढूळ पाणी भरत होतं, सगळ्या रानाचं पाणी तिकडंच धावत होतं, आणि ते बघून त्याचे हात खाली आले. तो तिच्या मागोमाग घरात आला. वाटणी झाल्यापासून त्यानं चूल वेगळी मांडली होती आणि तो या दारात आला नव्हता. थोरला आत गळक्या जागेखाली बादली ठेवत होता. मागच्या खोलीवरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता.

तेवढ्यात फोन वाजला.

थोरलीनं फोन बघितला. मग थोरल्याकडं बघितलं, मधल्याकडं बघितलं. ती फोन घेऊन सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात गेली, अंथरुणाच्या घडीवरची गोधडी ओढून डोक्यावरून घेतली, फोन आणि तोंड दोन्ही तिच्यात झाकलं आणि मग फोन उचलला.

"काय गं, इतका वेळ?"

"हात खरकटे होते."

"बरी आहेस ना? दादाचा गुडघा?"

"बरा आहे. तू जेवलास?"

"जेवलो. इथल्या खानावळीत मीठच नसतं. तुझी आठवण येते." तो हसला. मग नेहमीचा प्रश्न आला. "पडला का गं तिकडं?"

गोधडीच्या आत अंधार होता आणि तिच्या ओल्या केसांतून पाणी फोनवर ठिबकत होतं. ते तिनं अंगठ्यानं पुसलं. एक ना एक दिवस त्याला कळणारच होतं. गावात तोंडं काही कमी नव्हती. पण आज नको, आणि माझ्या तोंडून तर नकोच, असं तिला वाटलं.

"नाही रे," ती म्हणाली. "चार थेंब पडल्यासारखं केलं आणि गेला."

मधल्यानं ते ऐकलं. बादलीत थेंब टपटप वाजत होते. त्यानं अंगातला भिजलेला सदरा काढला, घडी केली आणि बादलीच्या तळाशी ठेवला. टपटप थांबली. थोरल्यानं लंगडत जाऊन आधी खिडकी लावली, मग मागच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"मग बरंच झालं म्हणायचं," धाकटा म्हणाला. "मी आलो ते. नाहीतर उगीच मनाला लागून राहिलं असतं."

"हो. बरं झालं."

"आवाज कसला येतोय गं? सळसळल्यासारखा?"

"कढई ठेवलीय चुलीवर. तळतेय."

"वा! मजा आहे दादाची." तो पुन्हा हसला. "मीठ बघून टाक, वहिनी."

"बघून टाकते," थोरली म्हणाली.